आमची वाटचाल : चौदा बोर्ड आणि समोरचं दुकान

अमळनेरला २००३ साली कॉम्प्युटरचं दुकान टाकलं तेव्हा भांडवल एवढंच: चुंबकी टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, मल्टीमीटर, २५ वॉटचं सोल्डरिंग आणि मावसभावाची स्कूटर. तो भागीदार. माल आणायला मी पहाटेच्या गाडीने जळगावला जायचो आणि गोलाणी मार्केट उघडेपर्यंत पायऱ्यांवर बसून राहायचो. त्या स्क्रू ड्रायव्हरची मूठ आता दोन जागी तडकली आहे, पण कॅबिनेटच्या कोपऱ्यात पडलेला स्क्रू तो अजून पहिल्या झटक्यात उचलतो. कामावरच्या पोरांना मी तो देत नाही.

२००५ मध्ये एका कॉम्प्युटर क्लासला १४ मशीन दिली. सगळ्यांचे बोर्ड, म्हणजे बाकीचे भाग जोडणारे मदरबोर्ड, ८४५ चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपा); प्रोसेसर बसतो ते सॉकेट ४७८ जातीचं. पुढच्या उन्हाळ्यात एकेक मशीन बसायला लागलं. पंखा फिरतोय, डिस्प्ले नाही. उघडून बघतो तर प्रोसेसरशेजारच्या कॅपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची, डोकी फुगलेली, दोनचारांतून तपकिरी चिकट बाहेर आलेलं. नंतर कळलं, आतल्या रसायनातच खोट होती आणि हा माल जगभर गेला होता. ठोक व्यापारी मात्र म्हणाला, 'तुमच्याकडे लोडशेडिंग, त्यात ४५ डिग्री ऊन. बोर्ड जळाला, वॉरंटी बसत नाही.'

बायकोच्या पाटल्या गहाण टाकून १४ नवीन बोर्ड आणले. क्लास दिवसा चालायचा, म्हणून आमचं काम रात्री, तेही वीज असेल तेवढा वेळ. ४७८ चा हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरचा उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा, ज्यांनी ओढला आहे त्यांना सांगायला नको. दोघांमधली पेस्ट वाळलेली असते; सरळ वर खेचला की लिव्हर लावलेली असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. पहिल्याच रात्री एक घालवला. मग आधी हेअर ड्रायरने गरम करून, अलगद पिळून काढायला शिकलो. बोर्डाचा चिपसेट बदललेला, त्यामुळे आधीच्या विंडोज एक्सपीवर बिघाडाचा निळा पडदा यायचा. रिपेअर इन्स्टॉल, म्हणजे आतलं काम तसंच ठेवून विंडोज पुन्हा बसवत, पहाट व्हायची.

तेवढ्यात समोर दुकान उघडलं. त्यांनी गावभर केलं की आम्ही जुने बोर्ड धुऊन बसवतो. मावसभाऊ दिवाळीनंतर तिकडेच कामाला लागला. लग्नकार्यात भेटतो, बोलतो. रॅम नुसती खोडरबरने पुसून मशीन चालू होत असेल, तरी समोरच्या दुकानात 'मदरबोर्ड गेला' हेच उत्तर असायचं. म्हणून सांगतो, कोणी बोर्ड गेला म्हणालं तर आधी दुसरा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा, लावून दाखव म्हणा. आणि नवा बोर्ड बसवताना खालचे पितळी स्टड, म्हणजे बोर्ड टेकतो ते खुंट, मोजा. एक जास्तीचा राहिला की बोर्ड शॉर्ट. विंडोज मशीनसोबत आलेलं असेल तर त्याचं लायसन बहुधा बोर्डाशीच बांधलेलं असतं, तो खर्चही आधीच विचारा.

त्या वर्षी गिऱ्हाईक म्हणजे जिनिंगवाले आप्पा, एवढंच. त्यांच्या वजनकाट्यावरचं कॉम्प्युटर मशीन दर हंगामात कपाशीच्या तंतूंनी भरायचं. हीटसिंकमधून अख्खी गादी निघायची. समोरचा मुलगा फुकट बघतो म्हणाला तर आप्पा म्हणाले, ''मन्हा डबाले दुसरा कोनाना हात नको लागाले.'' आणि ब्लोअर मारायचे पैसे आगाऊ देऊन गेले.

ते १४ मेलेले बोर्ड मी फेकले नव्हते. फावल्या वेळात ६.३ व्होल्टचे, लो इएसआर (आतला विरोध कमी असलेले) कॅपॅसिटर टाकून ९ उठवले. पुढची वर्षं सरळ गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

परवा आप्पांच्या मुलाचा फोन आला. काट्याचा बोर्ड गेला होता आणि पावतीच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला पॅरलल पोर्ट, म्हणजे जुन्या पद्धतीची प्रिंटरची जोडणी, हवा होता. माळ्यावरून त्या ९ पैकी एक काढला, खोडरबरने रॅम पुसली. बटणाच्या पहिल्या दाबात मशीन सुरू झाल्याचा बीप आला.