तुम्ही विचारलंत म्हणून: हाडाचं वय कशावरून काढतात?

“हाड ३२ लाख वर्षांपूर्वीचं, हे कशावरून? कार्बन डेटिंगच ना?” नागपुरात आदिमानवावर बोलणं निघालं की हा प्रश्न ठरलेला. कार्बनचा इथे काही संबंध नाही, आणि बहुतेक वेळा तपासणी हाडाची नसतेच.

कार्बन-१४ म्हणजे सजीवाच्या अंगातला किरणोत्सारी कार्बन. जीव मेल्यावर तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. ५० हजार वर्षांनी मूळ साठ्याचा चारशेवा हिस्साही उरत नाही, आणि तिथे ही पद्धत संपते. त्यात भेसळीची भीती. कार्बन-१४ पार संपलेल्या हाडात आजचा कार्बन फक्त १ टक्का शिरला, तरी वय साधारण ३७ हजार वर्षं निघतं. हा १ टक्का हाडात घुसलेल्या केसासारख्या मुळांतून येतो, नाहीतर हाड तुटू नये म्हणून कोणी प्रेमानं चोपडलेल्या डिंकातून.

मग लाखांचे आकडे येतात कुठून? ज्वालामुखीच्या राखेतून. लाव्हा वितळलेला असताना त्यातला आर्गॉन वायू निसटतो, घड्याळ शून्यावर येतं. थंड झालेल्या स्फटिकात पोटॅशियम-४० पासून पुन्हा आर्गॉन साचू लागतो. राखेतून सॅनिडिन या पोटॅशियम असलेल्या खनिजाचे बारीक स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून वेचतात, अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करतात, मग लेझरनं वितळवून बाहेर पडलेला आर्गॉन मोजतात. हाड दोन राखांच्या मध्ये असेल तर खालच्या राखेपेक्षा ते नवं, वरच्यापेक्षा जुनं. टांझानियातल्या लाएतोलीत तर पावलंच राखेत उमटली आहेत. ओली राख सिमेंटसारखी घट्ट झाली आणि सुमारे ३६.६ लाख वर्षांपूर्वीची दोन पायांची चाल तशीच राहिली.

आता “आपल्याकडे तर सगळा ज्वालामुखीचाच दगड आहे” असं कोणीतरी म्हणतंच. आहे, पण सेमिनरी हिल्सचा काळा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. तेव्हा माणूस सोडाच, माकडही नव्हतं. त्यात आदिमानव शोधणं व्यर्थ.

राख मिळाली तरी भांडण मिटत नाही. पुणे जिल्ह्यातल्या बोरीला कुकडी नदीकाठी राखेच्या थराजवळ दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. त्या राखेचं वय एकदा १४ लाख वर्षं आलं, एकदा ६.७ लाख, आणि काहींच्या मते ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, जेमतेम ७४ हजार वर्षांपूर्वीची. असा गोंधळ होतो कारण नदीनं वाहून आणलेल्या राखेत जुन्या खडकाचे कण मिसळतात. मूठभर राख एकदम तापवली तर त्या कणांचा आर्गॉनही हिशोबात येतो आणि वय फुगतं. एकेक स्फटिक वेगळा मोजायचा खटाटोप त्यासाठीच. उलट स्फटिक कुजलेला असेल तर आर्गॉन गळतो आणि वय घटतं.

राखच नसेल तर? चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमला गारगोटी जातीच्या दगडाची हत्यारं कामी आली. उघड्यावरच्या दगडात वैश्विक किरणांमुळे ॲल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० ठरावीक प्रमाणात तयार होतात. दगड खोल गाडला गेला की भर थांबते. पहिलं सुमारे ७ लाख वर्षांत निम्मं होतं, दुसरं सुमारे १४ लाखांत. बिघडलेल्या प्रमाणावरून गाडल्याचा काळ निघतो. तिथे तो सुमारे १५ लाख वर्षं आला. चंद्रपूरच्या पापामिया टेकडीसारख्या ठिकाणी जमिनीवरून वेचलेल्या हत्याराला मात्र हा हिशोब लागू होत नाही, कारण उघड्यावर आलं की भर पुन्हा सुरू.

नर्मदेकाठच्या हथनोऱ्याची आदिमानवाची कवटी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना डिसेंबर १९८२ मध्ये मिळाली, ती नदीच्या घट्ट झालेल्या गोट्यांच्या थरात. असे गोटे वेगवेगळ्या काळातला माल एकत्र आणतात. तिच्या वयावर एकमत नाही, ते याचमुळे.

म्हणून कन्हान किंवा वैनगंगेच्या काठी दरडीत दगड झालेलं जड हाड दिसलं तर उपसू नका. धुऊ नका, फेविकॉल तर मुळीच नको. शेजारी पट्टी ठेवून आधी जवळून फोटो, मग अख्खी दरड दिसेल असा दुसरा, आणि मोबाइलवरून ठिकाणाची नोंद. उपसलेलं हाड घेऊन येणाऱ्याला आम्ही पहिलं विचारतो, “कोणत्या थरातून?” आणि बहुधा उत्तर येतं, “तिथंच कुठंतरी पडलं होतं.”