मथळ्यात गोळी नको

१० ऑक्टोबर २०१४ रोजी, शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमारास ऑस्लोतून शांततेच्या नोबेल पारितोषिकाची घोषणा झाली, तेव्हा पुण्यातील ज्या दैनिकात मी उपसंपादक होते तेथे त्या घोषणेची फारशी कोणी वाट पाहत नव्हते. विधानसभेचे मतदान पाच दिवसांवर आले होते. पंधरवड्यापूर्वी युती आणि आघाडी या दोन्ही एकाच दिवशी तुटल्यामुळे जागोजागी बहुरंगी लढती उभ्या राहिल्या होत्या, आणि सभांची वृत्ते, बंडखोरांची वक्तव्ये व जाहिराती यांच्या गर्दीत पहिल्या पानावर बोटभर जागा मिळवणे हेच त्या आठवड्यातले मुख्य काम होऊन बसले होते. वृत्तसंस्थेच्या पडद्यावर कैलाश सत्यार्थी आणि मलाला युसुफझाई ही नावे एकापाठोपाठ आली, तेव्हा आमच्या विभागात आधी शांतता पसरली आणि मग एकदम धावपळ सुरू झाली. पाकिस्तानात मुलींच्या शिक्षणासाठी बोलल्यामुळे तालिबानची गोळी झेललेली मलाला सर्वांना ठाऊक होती. बालमजुरीविरुद्ध तीन दशकांहून अधिक काळ काम करणाऱ्या, मूळच्या विदिशाच्या सत्यार्थींविषयी मात्र माहिती गोळा करण्यापासून सुरुवात करावी लागली. ते काम एका सहकाऱ्याने घेतले. मलालावरचा सहाशे शब्दांचा लेख माझ्याकडे आला.

त्या आठवड्यात जम्मूच्या सीमेवर दोन्ही बाजूंनी तोफगोळ्यांचा मारा चालू होता, त्यामुळे मुख्य बातमीचा मथळा ठरवायला वेळ लागला नाही. एक हिंदू आणि एक मुस्लिम, एक भारतीय आणि एक पाकिस्तानी यांनी शिक्षणासाठी व अतिरेकी विचारांविरुद्ध एकाच लढ्यात उतरावे, ही बाब आपण महत्त्वाची मानतो, असे नोबेल समितीनेच म्हटले होते. वाद झाला तो माझ्या लेखाच्या मथळ्यावरून. लेख लिहून व्हायच्या आतच पानाच्या आराखड्यात आमच्या मुख्य उपसंपादकांनी ‘गोळीला पुरून उरलेली मलाला’ असे शब्द बसवून टाकले होते, आणि शेजारी बर्मिंगहॅमच्या रुग्णालयातील खाटेवरचे तिचे जुने छायाचित्र योजले होते.

मला तो मथळा खटकला, पण का खटकला हे सांगण्यासाठी हाताशी काही असणे आवश्यक होते. म्हणून मी २०१२ ची कात्रणे बाजूला ठेवून २००९ मध्ये मागे गेले. त्या जानेवारीत बीबीसीच्या उर्दू संकेतस्थळावर ‘गुल मकई’ या टोपणनावाने पाकिस्तानातील स्वात खोऱ्यातल्या एका शाळकरी मुलीची रोजनिशी प्रसिद्ध होत होती. ती मुलगी अकरा वर्षांची होती. फजलुल्लाहच्या नेतृत्वाखालील तालिबानने आपल्या बेकायदा रेडिओवरून फर्मान काढले होते की, १५ जानेवारी २००९ नंतर खोऱ्यातील एकाही मुलीने शाळेत जाता कामा नये. तोवर शंभराहून अधिक शाळा उद्ध्वस्त झाल्या होत्या. अशा वेळी रोजचा दिनक्रम लिहील अशी एखादी विद्यार्थिनी बीबीसीला हवी होती. आधी ज्या मुलीने होकार दिला होता तिच्या घरच्यांनी नंतर नकार कळवला, आणि त्यांना दोष देण्याचे काहीच कारण नाही. मग शाळा चालवणाऱ्या झियाउद्दीन युसुफझाईंची मुलगीच पुढे आली. ती मजकूर फोनवरून सांगत असे आणि पेशावरमधील वार्ताहर अब्दुल हई काकर तो उतरवून घेत.

त्या नोंदींचा इंग्रजी अनुवाद मी त्या दुपारी सलग वाचला. पहिल्या नोंदीत ती लष्कराची हेलिकॉप्टरे आणि तालिबान यांच्या स्वप्नाविषयी सांगते आणि मला शाळेत जायची भीती वाटत होती, असे सरळ लिहून टाकते. वर्गात सत्तावीसपैकी अकराच मुली आल्या, हेही ती नोंदवते. शाळेतून परतताना मागून एका माणसाचे शब्द तिच्या कानावर पडतात: ‘मी तुला ठार मारीन.’ ती पावले उचलते, थोड्या अंतराने मागे वळून पाहते, तर तो माणूस मोबाईलवर दुसऱ्याच कोणाला तरी धमकावत असतो. दुसऱ्या एका नोंदीत गणवेश न घालता साध्या कपड्यांत या, अशी सूचना शाळेने दिल्यावर ती आपला आवडता गुलाबी पोशाख घालून जाते, आणि प्रार्थनेच्या वेळी मुलींना सांगितले जाते की भडक रंगाचे कपडेही नकोत, तालिबानला ते चालणार नाहीत. चौदा तारखेच्या नोंदीत मुख्याध्यापिका हिवाळी सुट्टी जाहीर करतात, पण शाळा पुन्हा केव्हा उघडणार हे सांगत नाहीत.

या नोंदींत आवेश कुठेच नाही. घाबरलेली मुलगी आपण घाबरलो आहोत असे सांगते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दप्तर उचलते. पुढे काही काळ तडजोड होऊन फक्त चौथीपर्यंतच्या मुलींना परवानगी मिळाली, तेव्हा पाचवीतल्या मलालाने आणि तिच्या मैत्रिणींनी आपण चौथीतच आहोत असे भासवले आणि पुस्तके शालीखाली लपवून शाळा गाठली. मे महिन्यात लष्करी कारवाईमुळे लाखो लोकांना घरे सोडावी लागली, त्यांत तिचेही कुटुंब होते. परत आल्यावर तिने उघडपणे, स्वतःच्या नावाने बोलायला सुरुवात केली. २०११ मध्ये पाकिस्तान सरकारने तिला युवा शांतता पुरस्कार दिला. गोळी यानंतर आली, ९ ऑक्टोबर २०१२ रोजी.

हीच कालरेषा घेऊन मी मुख्य उपसंपादकांसमोर उभी राहिले. माझे म्हणणे एवढेच होते की, गोळी झाडणे हे दुसऱ्याचे कृत्य आहे, आणि आपण तिच्या शौर्याचा मथळा त्या दुसऱ्याच्या कृत्यावर उभा करत आहोत. ज्या दिवसांत घरी बसण्याची मुभा होती आणि वर्गातल्या बहुसंख्य मुलींनी ती नाइलाजाने घेतलीही, त्या दिवसांत रोज सकाळी घराबाहेर पडणे, आणि संध्याकाळी त्याचा वृत्तान्त जगाला ऐकवणे, हे तिचे स्वतःचे होते.

त्यांचा युक्तिवादही पोकळ नव्हता. ‘मॅडम, सकाळी चहा घेता घेता पेपर उघडणाऱ्याला मलाला कशामुळे ठाऊक आहे? गोळीमुळेच ना? त्याला जे ठाऊक आहे तिथूनच त्याला आत न्यावं लागतं. २००९ ची रोजनिशी तुम्ही तिसऱ्या परिच्छेदात द्या की, मी कुठे नाही म्हणतोय?’ तीस वर्षे वाचकांच्या सवयी ओळखून पाने लावलेल्या माणसाचे हे बोलणे होते आणि ते उडवून लावण्यासारखे नव्हते. मी मग समितीचे निवेदन त्यांच्यापुढे ठेवले. लहान वय असूनही तिने अनेक वर्षे मुलींच्या शिक्षणाच्या हक्कासाठी लढा दिला, मुले आणि तरुणही स्वतःची परिस्थिती सुधारण्यास हातभार लावू शकतात हे दाखवून दिले आणि अत्यंत धोक्याच्या परिस्थितीत दाखवून दिले, असे त्यात म्हटले होते. हल्ल्याचा उल्लेख त्या निवेदनात नव्हता. त्यांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ‘लिहा आधी, मग बघू’, एवढेच म्हणाले. आमच्या विभागात याचा अर्थ अर्धा होकार असा होत असे.

लेख मुद्रितशोधकांकडे गेला आणि थोड्या वेळाने ते स्वतःच उठून माझ्या टेबलापाशी आले. निवृत्तीला आलेले, मितभाषी गृहस्थ; ऱ्हस्व-दीर्घापलीकडे लेखाविषयी सहसा काही बोलत नसत. पहिल्या नोंदीच्या तारखेवर त्यांनी पेन्सिलीने गोल केला होता. ‘ताई, तीन जानेवारी बरोबर आहे ना? एकदा बघून घ्या. सावित्रीबाईंचा जन्मदिवस आहे, म्हणून विचारलं.’ मी पुन्हा ताडून पाहिले. तारीख बरोबर होती. बातमी कानोकानी झाली, आणि लगेच कोणीतरी ‘स्वातची सावित्री’ असा पर्यायी मथळा सुचवला.

तो मी नाकारला, आणि यावेळी मुख्य उपसंपादक माझ्या बाजूने होते. १८४८ मध्ये पुण्यात शाळा उघडणाऱ्या सावित्रीबाई शिक्षिका होत्या; समाजाने बंद केलेले दार त्यांनी इतर मुलींसाठी उघडले. मलाला त्या दाराच्या आत बसलेली विद्यार्थिनी होती. आपल्याकडचे जवळचे नाव शोधायचेच असेल तर ते फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिचे आहे, जिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला. तीही शाळकरी वयाचीच, चौदा वर्षांच्या आसपासची होती, आणि तिनेही आपल्या वाट्याला आलेले जगणे स्वतःच्याच शब्दांत मांडले होते. लेखात मी तिच्यावर दोन वाक्ये घातली. मथळ्यात मात्र उसने नाव नको, यावर आमचे एकमत झाले.

बाहेरगावी आधी जाणाऱ्या डाक आवृत्तीचे पान सुटण्याच्या बेतात असताना ‘शाळेसाठी लढलेली मलाला’ हा मथळा गेला. तो फार चमकदार होता असे मी म्हणणार नाही. निवडणुकीच्या रणधुमाळीतल्या मथळ्यांशेजारी तो अगदी सौम्य दिसत होता. रुग्णालयातले छायाचित्र काढून तेथे संयुक्त राष्ट्रांत भाषण करतानाचे, १२ जुलै २०१३ चे छायाचित्र लावले. तो तिचा सोळावा वाढदिवस होता. हल्ल्याची हकीकत लेखाच्या मध्यावर, पाच-सहा ओळींत आली.

रात्री बर्मिंगहॅमहून तिचे निवेदन आले. पारितोषिकाची वार्ता रसायनशास्त्राच्या तासाला शिक्षिकेकडून कळली आणि त्यानंतरही आपण शाळेतच थांबून उरलेले तास पूर्ण केले, असे तिने पत्रकारांना सांगितले होते. १९१५ मध्ये पंचविसाव्या वर्षी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या लॉरेन्स ब्रॅग यांचा विक्रम सतराव्या वर्षी मोडणारी मुलगी त्या दिवशी तास बुडवत नाही, ही गोष्ट माझ्या बाजूचा आयता पुरावा होती. शहर आवृत्तीसाठी तो मजकूर मी लेखाच्या सुरुवातीलाच घेतला. मुख्य उपसंपादकांनी ते पाहिले आणि काहीही न बोलता पुढचे पान उघडले.

शहर आवृत्तीत एका उमेदवाराची जाहिरात ऐनवेळी लहान झाली आणि लेखाखाली चार ओळींची जागा मोकळी झाली. त्या ओळींत मी शाझिया रमझान आणि कायनात रियाझ यांची नावे घातली. २०१२ च्या हल्ल्याच्या दिवशी मलालाबरोबर शाळेच्या गाडीत बसलेल्या या दोन मुलींनाही गोळ्या लागल्या होत्या, आणि त्या दोघींनीही शिक्षण सोडले नव्हते. पुढे शिकण्यासाठी त्या ब्रिटनमधील वेल्समध्ये गेल्या होत्या. डाक आवृत्तीच्या वाचकांपर्यंत मात्र ती नावे पोहोचली नाहीत, कारण तिचे गठ्ठे तोवर गाड्यांवर चढले होते.