रैयोलीच्या दगडांत लॅमेटासॉरसचा माग

१९२३ साली भूशास्त्रज्ञ चार्ल्स मॅटली यांनी जबलपूरच्या बडा शिमला टेकडीतल्या हाडांवरून एका चिलखती डायनासोरचं नाव ठेवलं : लॅमेटासॉरस इंडिकस. हाती होतं काय, तर कमरेची हाडं, नडगी आणि कातडीत वाढणाऱ्या हाडांच्या ढाली. हे वाचल्यापासून तो प्राणी माझ्या डोक्यातून जाईना. जबलपूर लांब, पण ती हाडं ज्या खडकांत सापडली तेच लॅमेटा नावाचे थर बडोद्याहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतके जवळ आहेत. दांडिया बाजारातून मामाला घेतलं, सावलीच्या रस्त्याला लागलो, मही ओलांडून बालासिनोर आणि पुढे रैयोली.

तिथल्या डायनासोर जीवाश्म उद्यानात गाइडने एका खडकावर बाटलीतलं पाणी ओतलं. कोरडा असताना सगळा सारखाच दिसणारा दगड ओला झाला आणि त्यातून गडद तपकिरी हाड उठून आलं. तुटलेल्या कडेला बारीक बारीक छिद्रं. मी तिथेच बसकण मारली.

मामाने वाकून पाहिलं. "अगं, पण हे सगळं एकाच जनावराचं कशावरून?"

अगदी हाच प्रश्न लॅमेटासॉरसला नडला! रैयोलीत अवाढव्य, लांब मानेचे शाकाहारी टायटॅनोसॉर आणि त्यांच्यावर जगणारा राजासॉरस, दोघांचीही हाडं निघाली. जबलपूरलाही अशीच सरमिसळ. मॅटलींची कंबर आणि नडगी मांसाहारी डायनासोरची, ढाली मात्र दुसऱ्याच कुणाच्या, असं आज मानतात. हा चिलखती डायनासोर आहे का, अशी शंका जीवाश्मांचे अभ्यासक चक्रवर्ती यांनी १९३५मध्येच जाहीरपणे घेतली होती. आदल्याच वर्षी त्यांनी स्वतः जबलपूरच्या दंडाच्या एकुलत्या एका हाडावरून ब्रॅकिपोडोसॉरस हा चिलखती डायनासोर मांडला होता; तोही पुढे टिकला नाही.

मग ढाली कुणाच्या? लांब मानेच्या डायनासोरांनाही चिलखत असायचं, हे १९८० साली अर्जेंटिनातल्या सॉल्टासॉरसने पटवलं. आणि २००९मध्ये टायटॅनोसॉरच्या एका ढालीचं वर्णन प्रसिद्ध झालं, ती सापडली होती इथे, रैयोलीजवळ! मॅटलींच्या ढालीही टायटॅनोसॉरच्याच असाव्यात, असं मला मनापासून वाटतं. त्यांना दोष मात्र देववत नाही. त्या काळी चिलखत म्हटलं की दुसरा प्राणी कोण सुचणार होता?

जाणार असाल तर २०१९मध्ये उघडलेलं संग्रहालय नंतर बघा. आधी ऊन चढायच्या आत उघड्यावरचे खडक पाहून घ्या, आणि पाण्याची जादा बाटली ठेवा.