झुबका ३: ती मुंगी नव्हतीच

उलगडा झाला! कोबीवरच्या अळीच्या अंगात वाढून बाहेर पडलेली परजीवी गांधीलमाशीची पिल्लं रेशमी कोष विणतात, त्या कोषांचे झुबके मी डब्यात सांभाळतोय. तिसऱ्या झुबक्यातले न उघडलेले कोष, मला वाटलं होतं तसे, बुरशीने मेले नव्हते. मागच्या नोंदीत ओझरतं लिहिलं होतं, की कोबीच्या पानाबरोबर एक मुंगी डब्यात आलीय आणि कोषांवरून हलत नाही. ती मुंगी नव्हती. गेलिसची बिनपंखी मादी होती, म्हणजे दुसऱ्या परजीवी गांधीलमाशीच्या कोषात अंडी घालणारी इवलीशी गांधीलमाशी.

आधी हिशेब. पिवळ्या रेशमाचे २८ कोष. आठव्या-नवव्या दिवशी १७ कोटेशिया ग्लोमेराटा (अळीत वाढणारी ती गांधीलमाशी हीच) बाहेर पडल्या, काळ्याभोर, जेमतेम ३ मिमी. प्रत्येकीने कोषाचं टोक आतून गोल कातरलेलं, डबीचं झाकण उघडावं तसं. भिंगाखाली ते झाकण बघताना दर वेळी जीव हरखतो. बाकीचे ११ मात्र ढिम्म. मग दोन आठवडे मी ओलाव्याच्या मागे लागलो. कापूस ओला केला, सुकवला, डबा खिडकीपाशी नेला, परत आणला. जाळीचं झाकण काढून मलमल बांधली, आणि ती आता कायमची. एवढ्याशा किड्याला जाळीचं भोक म्हणजे दरवाजाच. कोष ठेवायला जिलेटिनच्या कॅप्सूलही बाद, दमट हवेत चिकट होतात. काचेची नळी आणि कापसाचा बोळा, याला तोड नाही.

परवा, २२व्या दिवशी, एका कोषाच्या कुशीला वेडंवाकडं भोक दिसलं आणि त्यातून ‘मुंगी’ निघाली. आज सकाळपर्यंत नऊ, सगळ्या माद्या. मुंगीच्या कमरेवर असते ती गाठ नाही. मिशा कोपरातून मुडपलेल्या नाहीत, लांब आणि सतत थरथरणाऱ्या. मागे अंडी घालायची नळी. कोटेशियाने अळी पोखरली आणि कोटेशियाला हिने! गेलिसच्या काही जातींत नराशिवायच माद्या जन्मतात, त्यामुळे एक आत शिरली तरी पुरते. उरलेले दोन कोष फोडले, आत नुसता सुकलेला चुरा.

नळ्या रिकाम्या करून नव्याने सुरुवात करायची, असं ठरवलं होतं. पण हे लिहितानाच आठवलं: झुबका २ वर त्याची अळी शेवटपर्यंत बसून होती. अंगातून एवढी पिल्लं बाहेर पडूनही जिवंत, कोषांवर रेशीम विणत, काडी लावली की डोकं झटकत. झुबका ३ आणताना अळी पानावरून पडली आणि मी ती परत ठेवली नाही. राखणदार असता तर गेलिसला इतका वेळ मिळाला असता का?

तेव्हा गेलिस ठेवतोय, मधाच्या पाण्यावर, एका नळीत एक. कोटेशियाच्या चार माद्या अजून तग धरून आहेत. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या १२ अळ्या आज त्यांच्यापुढे ठेवल्या. पहिलीने काही सेकंदांत अंडी घालायचं काम उरकलं. आता अळ्या पुऱ्या वाढेपर्यंत थांबायचं. मग अर्धे झुबके राखणदारासह, अर्धे त्याच्याविना, आणि प्रत्येकात एक गेलिस.