नवतप्यातला मोगरा

मोगऱ्याचा दुसरा बहर आलाय आणि तो पहिल्यापेक्षा भरघोस आहे, म्हणून ही नोंद. नागपुरात नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, चालू आहे, पारा ४५ च्या आसपास. या दिवसांत बरेच जण बाग कशीबशी जगवतात, फुलांची आशा सोडून देतात. मला विचाराल तर मोगऱ्याचे खरे दिवस हेच.

पहिला बहर ओसरल्यावर फुलून गेलेली प्रत्येक फांदी दोन-तीन पेरं खाली छाटली होती. मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटव्याच्या शेंड्याला. जुना शेंडा तसाच ठेवला तर झाड नुसतं लांबत जातं. छाटणीनंतर कुंडीत मूठभर शेणखत आणि भिजवलेल्या पेंडीचं पातळ पाणी, एवढंच दिलं. आता जवळजवळ प्रत्येक फुटव्यावर कळ्यांचा झुबका आहे. मधली कळी आधी टपोरी होते, बाजूच्या मागून येतात, त्यामुळे एकाच झुबक्याची फुलं दोन-तीन संध्याकाळी पुरतात. एक-दोन कळ्या मात्र जांभळट पडलेल्या दिसल्या. निरखून पाहिलं तर देठाजवळ टाचणीएवढं भोक, म्हणजे आत अळी. त्या लगेच खुडून साबणाच्या पाण्यात टाकल्या. झाडाखाली फेकल्या असत्या तर अळी मातीत उतरली असती.

आज सुट्टी होती. पहाटेच पाणी घातलं आणि मग दिवसभर बागेत काहीही करायचं नाही असं ठरवून व्हरांड्यात बसलो. तुम्हीही एखादा दिवस असं करून पाहा, फुलांच्या वेळा नीट कळतात. चिनी गुलाब, ज्याला आपण ऑफिस टाइम म्हणतो, ऊन अंगावर आल्यावरच उघडला आणि दुपार कलायला लागली तसा मिटत गेला. जास्वंदीवर जांभळ्या शिंजिर पक्ष्याचा नर येऊन गेला. बोगनवेल एवढ्या उन्हातही भडक गुलाबी. तिची रंगीत पानं आपण फूल समजतो, पण खरी फुलं म्हणजे आतल्या त्या तीन पांढुरक्या नळ्या. जरा जवळ जाऊन पाहा, फार देखण्या असतात. तिला मी मुद्दाम पाणी कमी देतो, ताण बसला की ती जास्त रंगते.

भर दुपारी जास्वंदीनं माना टाकल्या. इथे हात शिवशिवतात, पण थांबा. मातीत बोट घालून पाहिलं तर दोन पेरांखाली चांगली ओल होती. पानांतून पाणी उडतं त्या वेगानं मुळं ते ओढू शकत नाहीत, म्हणून झाड सुकल्यासारखं दिसतं. ऊन उतरल्यावर पानं आपोआप ताठ झाली. अशा वेळी पाणी ओतत राहिलं तर मुळं कुजतात. त्यापेक्षा मुळं गार राहतील असं बघावं. मातीच्या कुंड्यांना तो त्रास कमी, त्यांच्या अंगातून पाणी झिरपून उडत राहतं. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या मात्र हात लावू देत नव्हत्या. त्या सगळ्या एकमेकींना चिकटवून भिंतीच्या सावलीला नेल्यात आणि वर वाळक्या पानांचा जाड थर घातलाय. ग्रीन नेट फक्त जास्वंद आणि गुलाबावर आहे. मोगऱ्यावर नाही, त्याला उघडं ऊनच हवं.

चारच्या पुढे गुलबक्षी उघडायला लागली. एकाच झाडावर गुलाबी, पिवळी आणि दोन्ही रंगांचे शिंतोडे उडालेली फुलंही आहेत. मग मधुमालती: आज उमललेले घोस पांढरे, कालचे गुलाबी, त्याआधीचे लाल. दिवेलागणीला मोगरा. सकाळी खुडलेल्या कळ्या ओल्या फडक्यात ठेवल्या होत्या, त्या बायकोनं गजऱ्यात ओवल्या. झाडावर राहिलेल्या तिथेच उमलल्या आणि कूलरच्या वाऱ्याबरोबर वास थेट स्वयंपाकघरापर्यंत आला.

पुढचं काम: हा बहर संपला की पुन्हा हलकी छाटणी, आणि पाऊस लागला की त्याच फांद्यांची कलमं वाळूमिश्रित मातीत. मोगऱ्याच्या जातींपैकी माझ्याकडे मदनबाण आहे, बटमोगरा नाही. कुणाकडे असेल तर पेन्सिलीएवढ्या जाडीची एक-दोन काडी द्या, बदल्यात गुलबक्षीचं हवं तेवढं बी नेऊन देईन.