थांबायला शिकवणारी गाणी

मी डोंबिवलीत घरीच पाळणाघर चालवते. मुलं दीड ते तीन वर्षांची. सकाळी आया एकेकाला सोडून लोकल पकडायला पळतात आणि अकराच्या सुमाराला, जेवणाआधी, घराचा मासळी बाजार होतो. एकाच्या हातात दुसऱ्याची मोटार, कुणी गॅलरीच्या जाळीला लोंबकळतंय, कुणाला आई आठवलीय. या वेळेला सगळ्यांना एका गोष्टीकडे कसं वळवायचं, हे मी हातवाऱ्यांच्या गाण्यांमधून शिकत गेले.

"बसा रे सगळे" म्हणून कुणीही बसत नाही. मी सतरंजीवर मांडी घालते आणि कुणाकडे न बघता मांडीवर ताल धरते. दोघं-तिघं येतात. न येणाऱ्याला ओढून आणत नाही. १९४५ साली बोर्डी गावात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल बालवाडीच्या कोर्सला ऐकलं होतं; मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. माझ्याकडे अंगण नाही, पण गाणं घेऊन गॅलरीच्या जाळीपाशी जाता येतं.

अगदी लहानांसाठी 'इथे इथे बस रे मोरा' पुरतं. तळहातावर बोट टेकवत जायचं आणि शेवटचं 'भुर्र' लगेच म्हणायचं नाही. हात वर न्यायचा आणि थांबायचं. मूल श्वास रोखून तुमच्या तोंडाकडे बघत राहतं. सुरुवातीला जेमतेम क्षणभर, मग रोज थोडं जास्त. लक्ष लागतं ते या वाट बघण्यात, गाण्याच्या चालीत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दोनच्या पुढच्यांसाठी मी ओळी स्वतःच जुळवते. त्यात काव्य वगैरे काही नसतं. आधी एकच कृती, टाळी. ती सगळ्यांना आली की टाळी आणि मग गुडघे. दोन गोष्टी ओळीने लक्षात ठेवायच्या म्हणजे या वयाला मोठंच काम. त्यात मध्येच "थांब!" आलं की खरी परीक्षा. हात हलवणं सोपं, हलता हात हवेत तसाच ठेवणं महाकठीण. आमचा एक पठ्ठ्या "थांब" म्हटलं की हात थांबवायचा, पण पाय चालूच. पुढे त्याचा त्यानेच उपाय काढला. "थांब" ऐकलं की दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा गच्च धरून ठेवायचा. कुणी शिकवलं नव्हतं.

चाल संथ हवी. मोठ्यांच्या वेगाने म्हटलं तर मुलाचा हात डोक्यापर्यंत पोचेस्तोवर गाणं गुडघ्यावर आलेलं असतं, मग ते नाद सोडून देतं. मोबाइलवरच्या बालगीतांशी माझं भांडण आहे ते इथेच. ती मुलासाठी थांबत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की दोन वर्षांखालच्यांना पडदा नको आणि दोन ते चारच्यांना दिवसाला तासाभराच्या वर नको. हे एका आईला सांगितलं तर म्हणाल्या, "काकू, पण मोबाइल दिला की तो अर्धा तास हलत नाही हो!" मी म्हटलं, अहो, तेच तर.

रोज नवं गाणंही नको. तीच तीन-चार गाणी कितीतरी आठवडे चालवते. कंटाळा मला येतो, त्यांना नाही. गाणं पक्कं झालं की मुद्दाम "नाकाला हात" म्हणत कान धरते. "काकू, चुकलं!" असा गलका झाला की समजायचं, कान इकडेच आहेत.

झोप आलेल्या किंवा भुकेल्या मुलावर यातलं काहीच चालत नाही. त्याला आधी जेवायला घालावं. आणि एक वेगळी गोष्ट. एक मुलगी सगळे हातवारे बरोबर करायची, पण मी ताट काढायला पाठमोरी होऊन "थांब" म्हटलं की थांबायची नाही. समोरून म्हटलं की लगेच थांबायची. आईवडिलांना म्हटलं, एकदा कान दाखवून या. सततच्या सर्दीने कानात पाणी साठलेलं निघालं. तेव्हापासून अधूनमधून एखादं गाणं मी मुलांकडे पाठ फिरवूनच म्हणते.