तीन म्हणालात, हाताला साडेतीन लागले

३१ मे हा आम्हा जादूगारांसाठी सेवापूर्ती समारंभांचा दिवस. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख १ जून लावून टाकली, ती अख्खी पिढी आदल्या दिवशी एकदम निवृत्त होते. शाल, श्रीफळ, भाषणं, आणि जेवणाआधी नातवंडांसाठी अर्धा तास जादू. यंदा मी साताऱ्यात एका एसटी कंडक्टरच्या समारंभाला गेलो होतो. त्यांच्या मुठीत त्या संध्याकाळी जे घडलं ते अजून डोक्यातून जात नाही.

आधी नाण्यांबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हातचलाखीत नाणं लपतं ते अंगठ्याखालचा मांसल उंचवटा आणि करंगळीखालचा उंचवटा यांच्या मधल्या खोबणीत. बोटं सैल, मनगट सैल, तळवा जमिनीकडे, आणि तरी नाणं पडता कामा नये. हात फार कोरडा असला तर ते निसटतं, घामेजला असला तर सोडायच्या वेळी सुटत नाही. म्हणून नाण्याला रुंदी हवी, वजन हवं, कडेला दाते हवेत. २०११ सालापासून निघालेलं दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम. माझ्या पंजाला ते पुरतच नाही, आणि हलकं म्हणून कातडीला चिकटून बसतं. दहाचं २७ मिलिमीटर, ७.७१ ग्रॅम. हाताला बरं आहे, पण ते काढलं की पुढच्या रांगेतून हमखास आवाज येतो, "हे आमच्याकडं चालत नाही." रिझर्व्ह बँकेने पुन्हा पुन्हा सांगितलंय की दहाची सगळ्या नमुन्यांची नाणी चालतात. तरी आपल्याकडचे दुकानदार ती घेत नाहीत आणि गिऱ्हाईकही वाद घालत नाही. याचा मला मनापासून राग येतो. लोकांनीच ज्या नाण्याची किंमत काढून टाकली ते नाहीसं करून मी काय दाखवणार?

परदेशातले जादूगार अमेरिकेचा अर्धा डॉलर वापरतात. ३०.६ मिलिमीटर, ११.३४ ग्रॅम. १९६४पर्यंतचे नव्वद टक्के चांदीचे आणि साडेबारा ग्रॅमचे असत. ते झिजून गुळगुळीत झाले की एकमेकांवर घसरताना आवाज करत नाहीत. आमच्यात म्हणतात, 'नाणी बोलत नाहीत.' मीही आधी तेच मागवले. पहिल्या वेळी एका ऑनलाइन विक्रेत्याने चांदीचे म्हणून पाठवलेले चारही चुंबकाला चिकटले. दुसऱ्या वेळी खरे मिळाले, पण वाईच्या एका कार्यक्रमात त्यावरचा गरुड बघून एक आजी म्हणाल्या, "हा कसला बिल्ला, बाळा?" तिथंच माझं ते प्रकरण संपलं. ओळखीचं नाणं गेलं तर माणूस चमकतो. बिल्ला गेला तर त्याला वाटतं, बिल्ल्यातच काहीतरी असणार.

आणि मग एका दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या ताटातला आईचा चांदीचा रुपया पुसताना तो आपोआप तळव्यात बसला. इंग्रजी अमदानीतला रुपया, बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, रुंदी साधारण साडेतीस मिलिमीटर. ज्या मापासाठी मी अमेरिकेपर्यंत पैसे पाठवत होतो ते माप आमच्या देव्हाऱ्यात होतं.

त्यानंतरचं एक वर्ष मी मोती चौकातल्या एका सराफाकडे चकरा मारल्या. त्यांनी पोतडीच पुढ्यात ओतली, "घ्या निवडून." निवडायला बसलं की कळतं दोन रुपये सारखे नसतात. पुष्कळांना कडी डाखलेली असते, म्हणजे कधीतरी ते कुणाच्या गळ्यातल्या माळेत होते. कडी काढली तरी डाखाचा खरबरीत डाग राहतो आणि बोट तिथं अडखळतं. ते बाजूला. १९४० ते १९४५च्या रुपयात चांदी निम्मीच, त्यांचा नादही वेगळा आणि झिजल्यावर रंगही. तेही बाजूला. राणीछाप सुंदर, पण एकाच झिजेचे चार जुळेनात. शेवटी पंचम जॉर्जचे सहा निवडले. मुकुटावरची नक्षी सगळ्यांची सारखीच पुसलेली, कडेचे दाते बोथट झालेले पण शिल्लक असलेले. सराफांच्या फरशीवर एकेक टाकून ऐकला. खणखणीत नाणं हा शब्द आपण माणसांसाठी वापरतो, पण तो कुठून आला ते तिथं कानाला कळतं.

चार नाणी खेळासाठी. उरलेल्या दोहोंचं कवच करायचं होतं. आमच्यात त्याला शेल म्हणतात. नाण्याचं एक तोंड आणि कड तेवढी ठेवायची, आतलं पोट कोरून काढायचं, आणि ती टोपी दुसऱ्या नाण्यावर अशी बसली पाहिजे की दोन मिळून एकच दिसावं. चलनातल्या नाण्याचं असं करता येत नाही, २०११च्या नाणे कायद्याने चलनातलं नाणं नष्ट करायला बंदी आहे, आणि मला ते करायचंही नव्हतं. जुना रुपया चलनातून कधीच गेलेला. एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या एका टर्नरने काम घेतलं. चांदी मऊ, हत्याराला ओढून येते, चकात, म्हणजे लेथच्या पकडीत, जरा जास्त दाबली की चेहऱ्यावर वळ उठतात. पहिला रुपया वाया गेला. दुसऱ्याच्या वेळी त्याने पितळेचे नरम जबडे बनवले, रुपया तापवून नरम केला, कड केसभर फुलवून घेतली, आणि तीन संध्याकाळी बसून पोट कोरलं. साडेचार ग्रॅमचं कवच निघालं. नाण्यावर ठेवलं की सावकाश खाली बसायचं, आत अडकलेली हवा हळूहळू सोडत. मी ते कितीदा बघत बसलो असेन. आज बाजारात जादूच्या सामानाच्या तयार डब्या मिळतात, त्या उघडून वर मोठ्याने गाणी लावणारे माझ्याच धंद्यातले पुष्कळ आहेत. त्यांनी हे हवेचं निसटणं कधी ऐकलं नसेल.

तर ३१ मे.

त्या कंडक्टर काकांची चौतीस वर्षं नोकरी. बामणोली, महाबळेश्वर, कोरेगाव, शेवटची काही वर्षं पुसेगावची फेरी. मंगल कार्यालयात निम्मा डेपो हजर होता, चालक, वाहक, वर्कशॉपचे लोक. दुसऱ्या दिवशी १ जून, १९४८ साली पहिली एसटी पुणे-नगर धावली तो दिवस, त्यामुळे भाषणं लांबली. मला वीस मिनिटं मिळाली. दोरी, पत्ते झाल्यावर मी सत्कारमूर्तींना पुढे बोलावलं. नेहमीच बोलावतो, नातवंडांना आजोबा जादूत असलेले आवडतात.

खेळ असा. तीन रुपये मोजून त्यांच्या तळव्यावर ठेवायचे, मूठ बंद. चौथा माझ्या हातात. माझा जातो, त्यांच्या मुठीत चार निघतात. मुठीत दिलेल्या तिनांपैकी एकावर कवच चढवलेलं असतं आणि मुठीच्या हालचालीने ते सुटं होतं. एवढं सांगतोय, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. माझा रुपया कसा जातो ते सांगणार नाही.

एक धोका असतो. मूठ उघडताना कवच पालथंच असायला हवं. उताणं पडलं तर पोकळ वाटी सगळ्यांना दिसते. त्यासाठी मी लोकांना मूठ कशी धरायची, कशी उघडायची हे बोलता बोलता दाखवतो आणि बहुतेक वेळा निभावतं.

मी म्हटलं, "काका, घट्ट धरा, तीन आहेत ना?"

त्यांनी मूठ मिटली आणि माझ्याकडे पाहिलं. अर्धा क्षण, जास्त नाही. मग मुठीत अंगठा हलला. बाहेरून फक्त मनगटाची शीर हललेली दिसली. माझ्या पोटात गोळा आला. माझा रुपया गेला, पोरं ओरडली, मी म्हटलं, "उघडा." काकांनी मूठ सावकाश उघडली. चार रुपये, चारही राजाचा चेहरा वर, तिकिटाची मोड मोजून द्यावी तसे एका ओळीत लावलेले.

मूठ मिटताना नाणी अस्ताव्यस्त होती. मुठीत आपोआप अशी ओळ लागत नाही.

टाळ्या झाल्या. मी नाणी उचलायला गेलो तेव्हा काकांनी तीन माझ्या हातात दिली आणि चौथं, कवच, वेगळं, दोन बोटांत धरून. कुणाला दिसलं नाही.

जेवणं झाल्यावर मी त्यांना गाठलं. विडा खात खुर्चीत बसले होते. मी आभार मानले, म्हटलं, तुम्ही सांभाळून घेतलंत.

"तीन म्हणालात, पण हाताला साडेतीन लागले," ते म्हणाले. "मूठ मिटली आन् यक सुटलं. अंगठा लावला तर पोट न्हाई त्याला."

मी मनात हिशेब केला. तीन तोळे आणि साडेचार ग्रॅम. खरंच जवळजवळ साडेतीन.

मग ते नाण्यांवर बोलत राहिले आणि मी ऐकत राहिलो. चालत्या गाडीत, कासच्या घाटात दिवा गेलेला असताना, गळ्यातल्या चामडी बॅगेत हात घालून सुट्टे काढायचे. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून मोड दुप्पट लागायची. सगळ्यात राग त्यांना दोनच्या नाण्याचा. "जुना रुपया आन् नवा दोनचा, मापाला यक, वजनाला यक. ज्यानं काढला त्यानं येक दिस माझी बॅग गळ्यात घालायची आन् अंधारात मोड द्यायची." हे खरं आहे. १९९२ सालापासूनचा स्टीलचा रुपयाही २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचाच होता. मी हे आकडे कागदावर वाचलेले, त्यांनी ते बोटांनी भरलेले. हिशेबात कमी पडलं की खिशातून.

मी त्यांना टी. नेल्सन डाऊन्सचं सांगितलं. १८६७ साली जन्मलेला, नाण्यांचा राजा म्हणून जगभर गाजलेला जादूगार, मुळात अमेरिकेतल्या रेल्वेत तारखात्यात कामाला. त्यांना ते आवडलं. "म्हंजी गाडीवालाच," म्हणाले.

मग मी जे विचारायला नको होतं ते विचारलं. म्हटलं, "माझी अब्रू वाचवलीत. तुम्हाला ते उलटं करायचं सुचलं कसं?"

काकांनी विडा एका गालात सारला. "तुमची न्हवं," ते म्हणाले. "सगळा डेपो बसला हुता समोर. चौतीस वर्षं या हातानं हिशेब दिला. त्यात शेवटच्या दिवशी मूठ उघडली आन् खोटं नाणं निघालं, आसं झालं असतं."

आवाजात चीड नव्हती. पाणी मागावं तसं सांगितलं आणि नातीला हाक मारून उठले.

मी निवडलेल्या नाण्याचा प्रत्येक गुण माझ्या तळव्यासाठी आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठी होता. माप, झीज, दाते, नाद. ते ज्याच्या मुठीत जाणार त्या माणसासाठी ते काय असेल, याचा मी वीस वर्षांत विचार केला नाही. शाळेतल्या पोराच्या हातात ते कवच म्हणजे खेळणं. कंडक्टरच्या हातात, त्याच्या माणसांसमोर, ते खोटं नाणं. आणि मी ते न विचारता दिलं होतं. कवच उताणं निघालं असतं तर मी दोन वाक्यं बोलून पुढच्या खेळावर गेलो असतो. ते मात्र त्या गोष्टीसकट घरी गेले असते.

दुसरं एक मला सुटत नाही. त्यांना सगळं कळलं होतं, तरी मूठ उघडल्यावर त्यांनी स्वतः चारही नाणी बघितली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नवल होतं. मी लोकांचे चेहरे बघून पोट भरतो, ते खोटं नव्हतं. मुठीतल्या चौथ्याचं नसेल. माझ्या हातातला गेला कुठे, याचं असेल. म्हणजे कोरलेल्या चांदीने ज्यांना फसवता आलं नाही त्यांना साध्या अखंड रुपयाने फसवलं. मग ते कवच कशाला? कधी वाटतं, वितळवून टाकावं. कधी वाटतं, ते नीट बनलं नव्हतं एवढंच.

जुलैत मी त्याच टर्नरकडून आणखी तीन कवचं करून घेतली, वेगवेगळ्या जाडीची. घेऊन काकांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. डोळे मिटा म्हणायची गरज पडली नाही, स्वतःच मिटले. पहिलं हातात घेताच परत दिलं. दुसरं शहाबादी फरशीवर टाकलं, "बद्द वाजतंय." तिसरं, सव्वासहा ग्रॅमचं, त्यांनी खऱ्या रुपयांबरोबर मुठीत घेतलं आणि बराच वेळ खुळखुळवत राहिले. काकू आतून चहा घेऊन आल्या तरी डोळे मिटलेलेच.

"हे बी पोकळच," शेवटी म्हणाले. "पण टाइम लागला."

"किती?"

"पुसेगावचं तिकीट द्यायला लागतो तेवढा."

मग त्यांनी डोळे उघडले आणि बजावलं, "तुमच्या हातातला कुठं जातो ते मातर सांगू नका."

ते तिसरं कवच डबीत आहे, कार्यक्रमात अजून काढलेलं नाही. पुढच्या आठवड्यात कोरेगावच्या एका शाळेत खेळ आहे आणि काका यायचं म्हणालेत. मुठीचा खेळ करायचा की नाही, आणि केला तर कुणाच्या मुठीत, हे अजून ठरत नाही.